दुपारची थरथर

दर्शनानं चौकटीच्या खालच्या अंगाला चुंबक ओळखणारा बोटाएवढा सेन्सर चिकटवला, दाराच्या कडेला चुंबक लावलं आणि दार ओढून घेतलं. लॅपटॉपवरची रेघ वर चढली. दार उघडलं, रेघ खाली.

"दिसाढवळ्या दार लावून बसूचा?" सासूबाई, शेवंतीबाई म्हणाल्या. "चाळीत लोका काय म्हणतले?"

"म्हणू देत. गॅलरीच्या गजांतून मनवाचं डोकं जातं, आई."

सोमवारपासून दर्शना पुन्हा ऑफिसला जाणार होती. अडीच वर्षांची मनवा स्टुलावर चढून कडी काढायला शिकली होती, आणि जेवणानंतर सासूबाईंचा डोळा लागतो हे दर्शनानं किती वेळा पाहिलं होतं. आता दार उघडलं की घरात भोंगा वाजेल, तिच्या मोबाइलवरही कळेल.

पहिल्याच दिवशी दार बंद असताना भोंगा अकरा वेळा वाजला.

"ह्या तुझा यंत्र माझ्यापेक्षा जास्ती बडबडता!"

दर्शनानं लॅपटॉप पुढे ओढला. सेन्सरची वायर पंख्याच्या वायरीपासून दूर नेली. सेन्सरच्या एकेका आकड्यावर विसंबण्याऐवजी वीस आकड्यांची सरासरी घेतली. भोंगा वाजण्याची पातळी वेगळी, थांबण्याची वेगळी ठेवली. भोंगा गप्प झाला.

मग सवय व्हावी म्हणून ती दुपारी दादरच्या वाचनालयात जाऊन बसू लागली, मोबाइल समोर ठेवून. रेघ दोरीसारखी सरळ असायची. दोनच्या सुमाराला मात्र थोडी खाली यायची आणि चारपर्यंत थरथरत राहायची. रोज.

"सरासरी वाढव, जाईल निघून," नवरा, अभय म्हणाला.

"काय आहे ते कळल्याशिवाय नाही."

शनिवारी अडीचलाच ती जिना चढून आली. शेजारच्या कमळाबाई दर्शनाच्या बंद दारासमोर पाट टाकून लसूण सोलत होत्या आणि दाराशी गप्पा मारत होत्या. आतून उत्तरं येत होती.

"उघड गो, सून इली तुझी!"

"थांब. गुडघो धरता."

दर्शनानं मोबाइलवरून भोंगा बंद केला; बऱ्याच वेळानं दार आत उघडलं. शेवंतीबाईंच्या गुडघ्यावर काळा पट्टा होता, त्यात गोल चकत्या शिवलेल्या. मागे चटईवर मनवा गाढ झोपलेली.

"हा पट्टा कसला, आई?"

"चुंबकाचो. जरा बरा वाटता."

"आणि रोज इथे, दाराशी?"

"माका झोप लागता, ती काय मी सांगूक व्हयी तुका? म्हणान दाराक टेकान बसतंय. माका हलवल्याबगर पोराक दार उघडूचा नाय." मग बाहेर कमळाबाईंकडे बघत, "आणि हिच्या गजाली काय बंद पडतत?"

दर्शनाची नजर पट्ट्यातल्या चकत्यांवरून चौकटीतल्या सेन्सरकडे गेली; रेघ थरथरायची ती या चुंबकांमुळे. संध्याकाळी तिनं भोंग्याची पातळी जराशी खाली नेली, त्या थरथरीनं तो वाजू नये म्हणून. सरासरी होती तेवढीच ठेवली, थरथर दिसत राहावी म्हणून.

सोमवारी ऑफिसात दोन वाजून दहा मिनिटांनी तिनं मोबाइल पाण्याच्या बाटलीला टेकवला. रेघ सरळ होती. डब्याच्या झाकणावरचा तिचा हात तसाच राहिला.

दोन चौदा. रेघ किंचित खाली आली, थरथरली.

तिनं झाकण उघडलं.