उसनं वाक्य

चंद्रकुमारच्या रूपाबद्दल आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे मागाहून कोणी म्हणायला नको की लपवलं. तरुणपणीच्या मुरमांनी त्याच्या दोन्ही गालांची पार चाळण केलेली. वरचे दात ओठांना न जुमानता बाहेर आलेले. आवाज असा की मायेने बोलला तरी भांडायला आल्यासारखा वाटावा. वय छत्तिशीला टेकलेलं, लग्न नाही. जिथं जिथं मुलगी पाहायला गेला तिथून 'कळवतो' असा निरोप आला, आणि पुढे कोणी काही कळवलं नाही.

अशा माणसाने दुसरा कुठलाही धंदा करावा, पण याच्या वाट्याला बांगड्या आल्या. केशोरीत आणि आसपासच्या गावांत बाया-पोरींच्या हातात काचेच्या बांगड्या भरणं हे त्याच्या बापाचं, श्यामलालचं काम, आणि बापामागे त्याचं. परक्या बाईचा हात हातात घ्यायचा, अंगठ्याजवळचं हाड दाबायचं, बोटं जुळवायची आणि काच अलगद वर सरकवायची. एवढं करून कोणाला काही वावगं वाटू द्यायचं नाही, हा यातला खरा कस. श्यामलालने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "हाताकडं पाह्यजो. तोंडाकडं पाहू नोको, अन् फालतू बोलू नोको."

चंदूने ते इमानाने पाळलं. 'ढिल्ला सोड' आणि 'झालं' एवढ्यावर तो सबंध हंगाम काढी. बांगड्या भरून झाल्या की बाई त्याला हात जोडून नमस्कार करी, तशी रीतच आहे. भरणारा कालचा पोरगा असला तरी तेवढ्यापुरता तो वडीलधारा ठरतो. साऱ्या जगात चंदूला मान मिळायची ती एकच जागा होती, आणि ती त्याला पुरत होती. म्हणजे, स्वप्निल येईपर्यंत पुरत होती.

स्वप्निल त्याचा मावसभाऊ. पुण्यात वाढलेला, तिथल्या एका मॉलमध्ये घड्याळं विकायचा. ते दुकान बंद पडलं, म्हणून मंडईच्या हंगामापुरता चंदूच्या हाताखाली आला. आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. पाहुणे येतात, सोंगं घेऊन ढोलावर दंडार नाचते, जिलेब्या तळल्या जातात, आणि पाहुण्यांच्या निमित्ताने लग्नाच्या पोरी दाखवून होतात. त्यामुळे मंडईच्या आदल्या दिवशी गावातलं एकही मनगट जुन्या बांगड्यांवर राहत नाही.

पोरगा दिसायला देखणा होता हे कबूल करायलाच हवं. उंच, गोरा, दाढी नीट कोरलेली. पण खरी करामत त्याच्या बोलण्यात होती. "ताई, एक सांगू? रागावणार नाही ना? इतका सुंदर हात असल्यावर बांगडी कुठलीही घाला, लोक हातच पाहणार." हे तो दिवसभरात येईल त्या बाईला ऐकवी. बाया लाजत, एकमेकींना कोपर मारत. मंदाबाई जन्मात कोणाशी सरळ बोललेली गावाला आठवत नाही, पण तीसुद्धा पदर सावरून म्हणाली, "कसा टीव्हीतल्यावानी बोलते बापा!"

चंदू शेजारी बसून हे ऐके आणि त्याचं डोकं चालेनासं होई. त्याने एका पोरीला सहज विचारलं, "कोनाची पोरगी होस तू?" तर तिने भुवया चढवून उलट विचारलं, "काऊन?" तिलाच घटकाभराने स्वप्निल म्हणाला, "तुम्ही इथल्याच का?" त्यावर तिने गाव सांगितलं, आजोळ सांगितलं, मामाचं किराणा दुकान कुठल्या चौकात आहे तेही सांगून टाकलं. चंदूला राग येत नव्हता. त्याला फक्त वाटे, आपल्या तोंडातून शब्द बाहेर पडताना त्यांना असं होतं तरी काय?

मग त्याने करायचा तो गाढवपणा केला. गिऱ्हाइकांसाठी टांगलेल्या आरशासमोर, दुकान उघडायच्या आधी, तो ते वाक्य घोकू लागला. 'इतका सुंदर हात असल्यावर.' त्याच्या तोंडी 'असल्यावर'चं 'असल्यावरत' होई, पुन्हा पहिल्यापासून म्हणावं लागे. आपण हे कोणासाठी घोकतो आहोत, असं त्याने स्वतःला विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर त्याला माहीत होतं.

अंजू केवलरामची मुलगी. घरची धानाची शेती, पोरगी बी.एड. करत होती. मंडईच्या दिवशी देवरीहून तिला पाहायला पाहुणे येणार होते. आदल्या दुपारी ती आईबरोबर, शामकलाबाईबरोबर, दुकानात आली. स्वप्निल चहा प्यायला चौकात गेलेला. अंजू नेहमीसारखी चंदूसमोर बसली आणि आईशी बोलता बोलता तिने हात पुढे केला. तिचं लक्षही नव्हतं. ती फ्रॉकात होती तेव्हापासून संक्रांतीला, नागपंचमीला, मंडईला हा हात असाच त्याच्यापुढे येत आला होता.

दोन बांगड्या चढल्या. तिसरी अंगठ्याशी आली, आणि चंदू म्हणाला, "एक सांगू का? इतका सुंदर हात असल्यावर बांगडी कोनतीबी घाल, लोकं हातच पाहातीन."

एवढं म्हणून थांबला असता तरी कदाचित निभावलं असतं. पण म्हणताना त्याने मान वर केली आणि अंजूच्या तोंडाकडे पाहिलं. स्वप्निल ते वाक्य जिलेबीवाल्याने 'गरम आहे' म्हणावं तसं म्हणत असे. चंदूला ते खरंच म्हणायचं होतं. ते त्याच्या डोळ्यांत दिसलं, आणि अंजूने पाहिलं.

तिने हात असा ओढला की काच तिथंच तडकली. अंगठ्याखाली रक्ताची बारीक रेघ उमटली.

"काय झालं वं?" शामकलाबाई म्हणाली.

"काई नाही. काच लागली," अंजू म्हणाली.

तिने त्याला वाचवायचा प्रयत्न केला, हे चंदूला त्या क्षणीही कळलं, आणि त्याचे कान तापले. पण बाजूला मंदाबाई होती आणि मंदाबाईचे कान शाबूत होते. "सुंदर हात हाय म्हने! चंद्या, आरशात पाह्यलं का रे कवा सोताले?" दुकानातल्या दोघीतिघी हसल्या. शामकलाबाई हसली नाही. ती हळू आवाजात म्हणाली, "तुह्या बापानं मह्या लग्नाचा चुडा भरला, चंदू. मी त्याच्या पाया पडलो होतो." चंदूला वाटलं, यापेक्षा तिने चप्पल काढली असती तर बरं झालं असतं.

तेवढ्यात स्वप्निल आला. मंदाबाईचं बोलणं दारातच कानावर पडलेलं; काय झालं ते त्याने एका नजरेत ओळखलं. "मावशी, माफ करा हं, दादाला बोलायची सवय नाही." त्याने अंजूच्या अंगठ्याला कापूस लावला, उरलेल्या बांगड्या भरल्या आणि सवयीने शेवटी तेच म्हणाला, "बघा, इतका सुंदर हात असल्यावर लोक बांगड्या कशाला पाहतील?" मंदाबाई खुदकन हसली. शामकलाबाईचा चेहरा सैल झाला. आणि अंजूही, खाली पाहत, हसली. चंदू काचेचे तुकडे वेचत होता. ते संपल्यावरही तो वेचतच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो केवलरामच्या घरी गेला. माफी मागायची होती. पण खरं सांगायचं तर पोटात एक तक्रारही घेऊन गेला होता. अंजू अंगणात सडा घालत होती. पाहुण्यांसाठी घर सारवलेलं, दारात आंब्याची पानं.

"अंजू, माह्यं चुकलं."

"हो," ती म्हणाली.

जाऊ दे, असं ती म्हणेल या आशेवर तो जरा वेळ उभा राहिला. ती म्हणाली नाही. मग त्याच्या तोंडून ते निघालंच, "पन स्वप्निलबी तेच म्हनला. तुह्यासमोरच म्हनला. तवा त तू हासली."

अंजूने बादली खाली ठेवली. तिचा चेहरा लाल झाला. "हासलो. त्यानं म्हनलं त बरं वाटलं, खोटं कायले बोलू? तो दिसतेच तसा, बोलतेच तसा. तू म्हनला त माह्या अंगावर काटा आला. तुह्यं तोंड त्याच्यावानी असतं त आला नसता का, हेच इचार करून राहिलो मी कालपासून. मले लाज वाटते त्याची. मी मास्तरीन होऊन पोरायले काय शिकवू?"

चंदूला एकदम हलकं वाटलं. चूक दोघांची, असं मनात येऊन तो जवळजवळ हसलाच. पण तिचं बोलणं संपलं नव्हतं.

"पन त्याले हात देताना मी सावध होतो, चंदूभाऊ. नवा मानूस हाय, चार दिवसानं जाईन, बोलते त बोलू दे. तुले हात देताना मी कवाच सावध नोहतो. माय बाजूले नसली तरी नोहतो. गावात तसा एकच मानूस होता." तिने बादली उचलली. "आता तोबी नाही राह्यला."

आतून शामकलाबाईने हाक मारली आणि अंजू गेली. चंदू अंगणाबाहेर आला तेव्हा त्याच्या पोटातली तक्रार कुठच्या कुठे गेली होती. जगाने अन्याय केला म्हणायची सोय असली तर माणूस निदान ताठ चालतो. चंदू खाली मान घालून, लोकांच्या घरांमागच्या वाटेने दुकानात आला.

दुपारी मंडई भरली. ढोल वाजू लागला, पोरं पाळण्याकडे धावली. दुकानात स्वप्निलभोवती बायांची झुंबड. चंदूसमोरची जागा रिकामी. कालची गोष्ट गावभर झाली होती आणि मंदाबाईच्या कृपेने तिला हातपायही फुटले होते. "दादा, मनावर घेऊ नकोस रे," स्वप्निल मधेच म्हणाला. तो मनापासूनच म्हणाला होता, हे त्यातलं सगळ्यात वाईट.

एवढ्यात एक परगावची बाई आली. कडेवर पोर, अंगावर नवं लुगडं. तिला कालचं काही ठाऊक नव्हतं. रिकामी जागा पाहून ती सरळ चंदूसमोर बसली, पोराला मांडीवर घेतलं, "लाल दाखवा," म्हणाली आणि हात पुढे करून दंडारीकडे पाहत बसली.

मनगट पाहताच चंदूने नेमक्या मापाच्या लाल बांगड्या काढल्या. आता फक्त तिचा हात धरायचा होता. इतक्या वर्षांत त्याने किती हात धरले असतील त्याची गणती नाही. पण त्याचा हात मधेच थांबला, आणि त्या भांडायला आल्यासारख्या आवाजात तो म्हणाला, "धरू का हात?"

बाईने मान वळवली. आतापर्यंत तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं नव्हतं. आता पाहिलं. तिने हात सावकाश मागे घेतला आणि पोराच्या पाठीवर ठेवला.

"राहू द्या," ती उठत म्हणाली. "त्या दादाकडं भरतो."

ती स्वप्निलभोवतीच्या बायांमागे जाऊन उभी राहिली. चंदूने तिला मनातदेखील दोष दिला नाही. हात धरण्याआधी विचारणाऱ्या बांगड्यावाल्याच्या मनात काहीतरी असणार, असं त्यालाही वाटलं असतं.