उजव्या डोळ्यावरची झापड

मी एक जुना, एकाच भिंगाचा, नेमबाजीचा चष्मा आहे. मित्रांनो, माझी कहाणी गोड नाही. मी अजून रागावलेलो आहे आणि तो राग लपवावा असे मला वाटत नाही.

माझे मालक सुदर्शनराव. नोकरी हिंजवडीत, आणि सुट्टीच्या दिवशी वारज्याच्या क्लबात एअर पिस्तुलाचा सराव. तिथले प्रशिक्षक आप्पासाहेब. त्यांचा नियम सर्वांना एकच: पिस्तूल उजव्या हातात, तर नेमही उजव्या डोळ्याने, डावा मिटा. सुदर्शनराव वर्षानुवर्षे डावा डोळा आवळून मिटत राहिले. कपाळ ठणके, हात थरथरे, छर्रे भरकटत. आप्पासाहेब म्हणत, मन एकाग्र नाही. मला तेव्हाही चीड यायची. मनाचा काही दोष नव्हता.

एकदा सुदर्शनरावांच्या मुलीने, नम्रताने, कुठेतरी वाचलेला प्रयोग त्यांना करायला लावला. दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये छोटी फट ठेवायची, तिच्यातून भिंतीवरचे घड्याळ पाहायचे आणि मग एकेक डोळा मिटायचा. उजवा मिटला तरी घड्याळ जागच्या जागी. डावा मिटताच नाहीसे. म्हणजे त्यांचा नेमाचा डोळा डावा होता.

त्याच दिवशी माझे सुटे भिंग उजवीकडून डावीकडे आले. उजव्या डोळ्यापुढे सुदर्शनरावांनी श्रीखंडाच्या डब्याच्या झाकणातून कापलेली दुधी झापड बसवली. दुधी अशासाठी, की उजेड आत यावा आणि डोळा मिटावा लागू नये. मान जराशी वळवायची, नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायची खूण, लख्ख पाहायची आणि समोरचे काळे वर्तुळ धूसर राहू द्यायचे. ते वर्तुळ स्पष्ट पाहण्याचा मोह सुटायला त्यांना महिने लागले. मग छर्रे एका जागी पडू लागले.

आप्पासाहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "सुदर्शनराव, पुढच्या खेपेला कानाने नेम धरा." लोक हसले. सुदर्शनरावही हसले. मी हसलो नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात सुदर्शनराव एकाएकी गेले. क्लबाने शोकसभा ठेवली. काचेच्या कपाटात ठेवायचा म्हणून आप्पासाहेबांनी मला मागून घेतले होते. नम्रताने विश्वासाने दिले. त्यांनी मला पुसले, निरखले आणि चुकचुकत माझे भिंग उजवीकडे आणि झापड डावीकडे केली. मग भाषणात सांगितले, "उजव्या डोळ्याची शिस्त त्यांना मीच लावली." मी कपाटातून ऐकत होतो.

नम्रता पहिल्या रांगेत होती. ती रडली नाही. सभा संपल्यावर तिने कपाट उघडून मला बाहेर काढले.

"अगं, उलटा बसवला होता त्यांनी," आप्पासाहेब म्हणाले. "मी नीट केला. बघणारी पोरं चुकीचं शिकतील."

"ऐकून घेणारे बाबा होते, आप्पासाहेब," ती शांतपणे म्हणाली. "ते गेले."

तिथेच उभी राहून तिने माझे भिंग डावीकडे आणले, झापड उजवीकडे घट्ट बसवली आणि मला घरी नेले.

मित्रांनो, गेलेल्या माणसाची वस्तू जरूर जपा. धूळ झटका, मऊ कापडात ठेवा. पण जपण्याच्या नावाखाली तिला दुरुस्त करू नका. ती अशी का आहे, हे ज्याने मालकाला त्याच्या हयातीत कधी विचारले नाही, त्याने नंतर तिला हात लावू नये.