दुनळीची पेटी

"पेटी अशी आपटून मिटू नगासा," आकाराम म्हणाला.

धैर्यशीलनं वर पाहिलंही नाही. त्यानं पितळी कड्या खटाखट दाबल्या, त्यातली एक वाकडी बसली. मग सोफ्यावरच्या पाहुण्यांकडे वळून तो म्हणाला, "हे आमचे आकारामकाका. चाळीस वर्षं या पेटीची चाकरी केलीय त्यांनी. बंदूक आमची, पण रुबाब काकांचा."

पाहुणे हसले. कोल्हापूरच्या ताराबाई पार्कातल्या या बंगल्यात चारचौघांसमोर आकाराम 'काका' असायचा. पाहुणे फाटकाबाहेर गेले की पुन्हा 'ए आकाराम'. चाळीस वर्षांत त्याला याचं काही वाटेनासं झालं होतं. आता सत्तरीला टेकल्यावर मात्र तो मनातल्या मनात धैर्यशीलला अरेतुरे करू लागला होता.

बंदूक विलायती, दुनळी. धैर्यशीलच्या वडिलांची, उदयसिंहरावांची. तिच्यासाठी त्यांनी कोल्हापुरातल्याच एका कारागिराकडून लाकडी सांगाड्यावर जाड गाईचं चामडं चढवलेली पेटी करून घेतली होती. आत लाल बनातीचं लवदार अस्तर; नळ्यांना एक लांब कप्पा, लाकडी दस्त्याला दुसरा, गज आणि तेलाच्या बाटलीला तिसरा. उदयसिंहराव नेमबाजीच्या स्पर्धांना पुण्याला, जयपूरला, दिल्लीला जायचे. ते वरच्या वर्गाच्या डब्यात आणि आकाराम मागच्या डब्यात, मांडीवर पेटी घेऊन. परवान्यावर बंदुकीचा रखवालदार म्हणून आकारामचं नाव होतं. स्पर्धा संपली की तो नळ्या सुट्या करी, गजानं आतून पुशी, बाहेरून तेलाचं फडकं फिरवी आणि पेटीत घाली. घरी आल्याबरोबर पुन्हा बाहेर काढून कपाटात उभी करी. पेटीच्या चामड्याला महिन्यातून एकदा मेण.

एकदा त्यानं विचारलं होतं, "सरकार, एक बार मी टाकू?"

उदयसिंहराव मनापासून हसले होते. "तू बार टाकलास तर पुसायचं कुणी रे?"

पुन्हा त्यानं विचारलं नाही. धैर्यशीलनं मात्र बाविसाव्या वर्षी एक बार टाकला होता. डोळे मिटून. धक्क्यानं तो मागच्या मागं चिखलात बसला. पुढं लग्नाकार्यांत तो हीच गोष्ट सांगे, तेव्हा तिच्यात एक रानडुक्कर आलेलं असे आणि ते पडलेलंही असे. आकाराम बाजूला सरबताचा ट्रे घेऊन उभा राहून ऐके.

उदयसिंहराव दोन वर्षांपूर्वी गेले. परवाना धैर्यशीलच्या नावावर झाला, रखवालदार तोच राहिला.

पाहुणे गेल्यावर धैर्यशील म्हणाला, "सोमवारी ही चंदगडला जायची. आपल्या रिसॉर्टला. ऑफिसच्या कपाटात राहील, बडे गेस्ट आले की उघडून दाखवायची."

"पेटीतच ठिवनार?"

"मग? पेटी कशाला केलीय आजवर?"

"पेटी वाटंपुरती असती, सरकार. न्यायला, आनायला. चामडं पानी वडून घेतंय आनि सोडत न्हाई. चंदगडात पावसाळ्यात भिताडं घाम गाळत्यात. बंद पेटीत नळ्या गंजून जातील."

"तुझं सगळं जुनं शास्त्र. पेटीशिवाय ती बंदूक म्हणजे पोलिसाच्या खांद्यावरची. ही कशी, उघडली की माणूस गप्पच बसतो."

"मला तितं ऱ्हाऊ द्या. हप्त्यातनं एकदा भाईर काढून पुसतो."

धैर्यशीलनं त्याच्या धोतराकडे, पायातल्या चपलांकडे पाहिलं. "तिथं स्टाफला युनिफॉर्म आहे. तू आता घरी आराम कर."

घरी तानाबाईला त्यानं हे सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "बरं झालं. थोरलीच्या बाळंतपणाला दवाखान्यात आला न्हाईसा, का तर बंदुकीला तेल द्यायचं हुतं. आता माझ्या गुडघ्यास्नी द्या."

आषाढभर त्यानं रिसॉर्टवर तीन वेळा फोन केला. साहेब बिझी आहेत, असं एक मुलगी गोड आवाजात सांगे. श्रावणात तो तेलाची बाटली आणि धुतलेली फडकी पिशवीत घालून एसटीत बसला. चंदगडला उतरला तेव्हा समोरची झाडंही दिसत नव्हती इतका पाऊस. फाटकावरच्या वॉचमननं त्याला थांबवलं. अर्ध्या तासानं धैर्यशील व्हरांड्यात आला आणि तिथूनच ओरडला, "काय रे?"

"पेटी उघडून बघतो. धा मिनटांचं काम हाय."

"कपाटाची किल्ली कोल्हापुरात राहिलीय."

"मग उद्या किल्ली घिऊन येतो."

"तुला दुसरा उद्योग नाही का? मागच्या बाजूला जा, चहा घे आणि जा."

आकारामनं चहा घेतला नाही. परतीच्या एसटीत त्याला वाटलं होतं की राग येईल. आला तो थोडासाच, आणि तोही स्वतःचाच. ज्याला दस्ता कुठला आणि नळी कुठली हे धड सांगता येत नाही, त्याच्या फाटकात आपण भिजत का उभे राहिलो, याचा.

दिवाळी झाल्यावर एके सकाळी त्याच्या दारात गाडी आली. धैर्यशीलचे दोस्त पुण्याहून आले होते, त्यांना बंदूक हाताळायची होती आणि ती जोडायची कशी हे रिसॉर्टवर कुणालाच ठाऊक नव्हतं. तानाबाई म्हणाली, जाऊ नका. तो गेला. नळ्यांचं काय झालंय ते त्याला बघायचं होतं.

लॉनवर खुर्च्या मांडल्या होत्या. ऋतुराज नावाचा एक बांधकामवाला पाहुणा मधोमध बसला होता. "या काका," धैर्यशील म्हणाला, "दाखवा जरा करामत."

वाकड्या कडीला जोर लावून आकारामनं पेटी उघडली. ओल्या चपलांसारखा वास आला. चामड्यावर पांढरी बुरशी होती, बनात नळ्यांना चिकटली होती. त्यानं नळ्या अलगद सोडवल्या तेव्हा लाल लव त्यांच्याबरोबरच निघून आली. खाली तांबूस गंज. त्यानं नळ्या उन्हाकडे धरून आतून पाहिलं. एके काळी तिथं आरशासारखा उजेड फिरायचा. आता देवीच्या वणासारखे खड्डे होते.

"गेली," तो म्हणाला.

पाहुणे एकमेकांकडे पाहू लागले. धैर्यशीलचा चेहरा लाल झाला. "काका, तेल देऊन ठेवा म्हणून सांगितलं होतं ना तुम्हाला? एवढं एक काम तुमच्याकडं."

आकारामनं नळ्या टेबलावर ठेवल्या. "श्रावणात आलतो की. हितनंच घालवून दिलासा."

मग ऋतुराज पुढं झुकला आणि पेटीवरून हात फिरवत म्हणाला, "बंदुकीचं सोड. पेटी भारी आहे यार. पुसली की झालं. आतले कप्पे काढले तर चार बाटल्या आणि ग्लास आरामात बसतील."

"घेऊन टाक तुला," धैर्यशील लगेच म्हणाला. विषय बदलल्याचा त्याला आनंद झाला होता. "काका, तेवढे कप्पे कापून द्या."

"न्हाई."

"काय?"

"माझ्यानं व्हनार न्हाई. तुमच्यानं बी सरळ कापायचं न्हाई."

स्वयंपाकघरातून सुरी आली. धैर्यशीलनं गुडघा पेटीत रोवून कप्प्याच्या पट्ट्या ओढल्या. सुरी घसरली आणि कडेच्या चामड्यात वीतभर शिरली. आकाराम बघत होता. त्याला वाईट वाटायला हवं होतं. पण त्याची नजर सुरी धरणाऱ्या त्या मऊ, घामट मुठीवर होती, आणि चाळीस वर्षं आपण याच घराला सरकार म्हटलं, हे त्याला पहिल्यांदाच जरा हास्यास्पद वाटत होतं.

"ही आता शाहूपुरीला जमा करून टाक," धैर्यशील दम खात म्हणाला. तिथल्या विरूपाक्ष यांच्या बंदुकीच्या दुकानात बाद झालेली हत्यारं रीतसर जमा होत असत. "परवान्यावर तुझं नाव आहेच. ड्रायव्हर सोडेल." पाहुण्यांसमोर तो पहिल्यांदाच 'तू' म्हणाला होता. त्याच्या ते लक्षातही आलं नाही.

पेटी नव्हती. उघड्या नळ्या आणि सुटा दस्ता टेबलावर पडून होते. आकारामनं खिशातल्या रुमालानं दोन्ही पुसले, घाई न करता, दोन्ही बाजूंनी. मग डोक्यावरचा पटका उतरवला, गवतावर लांब पसरला आणि त्यात आधी दस्ता, वर एक वेढा, मग नळ्या, असं सगळं गुंडाळत आणलं. त्याचं टक्कल उन्हात पांढरं दिसत होतं. आईवडिलांच्या मयतीशिवाय त्याला असं कुणी पाहिलं नव्हतं.

"अरे, डोकं झाक," धैर्यशील दबक्या आवाजात म्हणाला. "बरं दिसतं का पाहुण्यांपुढं?"

आकारामनं शेवटची गाठ मारली, ती ओढून पाहिली, आणि ते लांबट गाठोडं छातीशी धरून गाडीकडे चालू लागला. ड्रायव्हरनं मागचं दार उघडलं. आकाराम पुढं जाऊन ड्रायव्हरशेजारी बसला.