फुलपाखरांची परात

सात ऑक्टोबरच्या सकाळी साडेआठ वाजता परातीत दोन केळी, दीड चिकू आणि पेरूच्या पाच फोडी होत्या. सालींसकट वजन चारशे बारा ग्रॅम. त्यावर नऊ फुलपाखरं बसली होती. सहा मातकट, पंख मिटले की वाळकं पान पडलंय असं वाटावं अशी. दोन तपकिरी, हिरवट झाक असलेली. आणि एक काळपट, त्याचा उजवा पंख कुठल्याशा पाखरानं कातरलेला. शिवाय एक गांधीलमाशी. मुंग्या नीलमनं मोजल्या नाहीत.

“पावणे किती?” आबांनी खाटेवरून विचारलं.

“नऊ.”

“काल सातच व्हते. मंजे केळं आज बरूबर उतरलंय.”

नीलमनं आकडा वहीत लिहिला. तिचे वडील सिद्धोधन, घरात सगळ्यांचे आबा, परभणीला विद्यापीठाच्या फळबागेत एकतीस वर्षं माळी होते. रिटायर होऊन त्यांना तीन वर्षं झाली होती आणि दोन्ही किडन्या निकामी होऊन चौदा महिने. सोमवारी आणि गुरुवारी सकाळच्या गाडीनं पिंगळीहून परभणीला जायचं, चार तास मशीनवर पडून रक्त धुऊन घ्यायचं, दुपारी परत यायचं. खाण्यापिण्याची बंधनं बरीच होती, पण सगळ्यांत कडक फळांचं. किडनी चालत नसली की पोटॅशियम रक्तात साचतं, आणि केळी, चिकू, पेरू, सीताफळ यांत ते ठासून भरलेलं. साडेपाचपर्यंत चालेल, साडेसहाच्या वर गेलं तर हृदय कधीही थांबू शकतं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. नीलमनं एम.एस्सी. प्राणिशास्त्रात केलं होतं. तिनं ते मायला सोपं करून दहा वेळा सांगितलं होतं.

पण घरामागं आबांनी स्वतः लावलेली अकरा फळझाडं होती, आणि डॉक्टरांनी काही सांगितलं म्हणून झाडं फळायची थांबत नाहीत. माय शेजारीपाजारी वाटायची. तरी उरायचं, पडायचं, सडायचं. आबा दिवसभर खाटेवर बसून पडणाऱ्या फळांचे आवाज ऐकत राहत. हा चिकू, हा पेरू, असं न बघता सांगत. मग तेही सांगायचे बंद झाले.

म्हणून सप्टेंबरच्या मध्यात नीलमनं जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची, एक जुनी परात तीन सुतळ्यांनी पेरूच्या फांदीला टांगली आणि त्यात पार पिकून गेलेली फळं ठेवली. काही जातींची फुलपाखरं फुलांकडं ढुंकूनही बघत नाहीत, त्यांना आंबायला लागलेल्या फळाचा रस लागतो. तिला नोंदी मिळणार होत्या, आणि आबांना बघायला काहीतरी. पहिल्या दिवशी दोन आली. आबा खाटेवरून उठून परातीखाली जाऊन उभे राहिले.

“हे केळं अजून कच्चंय,” ते म्हणाले. “ह्याला कोण यील?”

तेव्हा तिला सुचलं. ती म्हणाली, मग फळ कधी उतरलं, रसाला आलं, ते तुम्हीच ठरवत जा, आबा. परात तुमच्याकडं.

बागेतही त्यांचं हेच काम होतं. साहेबांकडं फळाची गोडी मोजायचं यंत्र होतं, रसाचा थेंब टाकून डोळ्याला लावायचं. पण यंत्र काढायच्या आधी साहेब आबांना विचारत, आणि आबा फळ जिभेला लावून सांगत, सोळा. नाहीतर साडेसोळा. यंत्रात अर्ध्याच्या वर फरक पडत नसे. एकदा एक नवे साहेब म्हणाले होते की यंत्र बिघडलंय, तर बाकीचे म्हणाले, मग सिद्धोधनला बोलवा. ही गोष्ट आबा पाहुण्यांना सांगत, आणि तिच्या शेवटी एक वाक्य कायम असे: एकतीस वर्षांत सरकारी बागेतलं एक फळ मी खाल्लं नाही. ते खरं होतं. त्या बागेत फळ खाताना सापडलेल्या दोन गड्यांना त्यांच्यादेखत घरी पाठवलं होतं.

परात हातात आल्यापासून आबा बदलले. सहाला उठून फळं चाचपू लागले. कुठलं आज, कुठलं उद्या, हे खाटेच्या पायथ्याशी लावून ठेवू लागले. फुलपाखरांना पावणे म्हणू लागले, आणि कातरलेल्या पंखाच्या त्या काळपटाला फौजदार.

“जल्मभर माणसायसाठी फळं पिकविली,” माय भांडी घासता घासता म्हणायची, “आता किड्यायला पंगत घालायलेत.”

“किडे तुज्यावानी नावं ठेवीत न्हाईत,” आबा म्हणायचे, आणि माय तोंड फिरवून हसायची. घरात असं बोलणं बऱ्याच महिन्यांनी होत होतं.

नऊ तारखेला, गुरुवारी, रक्ताचा रिपोर्ट आला. पोटॅशियम सहा पूर्णांक एक. ऑगस्टमध्ये ते चार पूर्णांक नऊ होतं.

डॉक्टरांनी विचारलं, खाण्यात काय बदललं? आबा म्हणाले, काही नाही. माय म्हणाली, काही नाही. घरी आल्यावर नीलम मायवर घसरली. भाज्या चिरून दोन पाण्यांत भिजवून, ते पाणी फेकून मग शिजवायच्या असतात, ते तू करतेस का, का कंटाळा करतेस? डाळीचं वरचं पाणी देतेस का त्यांना? तुला हे खेळ वाटतो का? मालनबाई, म्हणजे माय, एरवी असं ऐकून घेणारी बाई नव्हती, पण तिनं फक्त रिपोर्टची पिशवी उचलली. मग ती आत गेली. त्या दिवसापासून ती भाज्या तीन पाण्यांतून काढू लागली. त्या भाजीला कसलीच चव राहत नसे, आणि तीच भाजी ती आबांच्या ताटासमोर बसून स्वतःही खाई.

नीलमला परातीचा संशय आला तो आबांवरून नव्हे. फुलपाखरं दिवसभरात किती रस पितात हे तिला काढायचं होतं. त्यासाठी तिनं एक फळ जाळीखाली ठेवून नुसतं ऊन किती पाणी उडवतं ते आधी मोजलं, आणि आदल्या संध्याकाळी आबांसमोर ठेवलेल्या फळांचंही वजन करू लागली. नऊ तारखेलाच संध्याकाळी पाचशे चाळीस ग्रॅम फळ होतं. सकाळी आबांनी परात भरल्या भरल्या तिनं परातीतलं आणि टाकलेल्या साली, देठ, बिया असं सगळं मिळून तोललं. चारशे पंचावन्न. काटा पुसून पुन्हा तोललं. एका रात्रीत वाळून जाईल ते दहा-बारा ग्रॅम. दुसऱ्या दिवशी सत्तर कमी भरलं. तिसऱ्या दिवशी एकशे दहा. आणि तिन्ही सकाळी तोलताना अजून एकही फुलपाखरू आलेलं नव्हतं.

तिसऱ्या सकाळी परात भरून होईपर्यंत ती परातीपाशी गेलीच नाही. न्हाणीच्या आडोशाला उभी राहिली. आबांनी चिकू दाबून पाहिला, नाकाशी नेला, बराच वेळ तिथंच धरला. मग अंगठ्यानं फोडून अर्धा तोंडात घातला आणि डोळे मिटले. केळ्याचंही तसंच. लपूनछपून काहीच नव्हतं. त्यांनी बोट धोतराला पुसलं आणि उरलेलं परातीत नीट मांडलं.

“आबा, फळं खायलाव का तुमी?”

त्यांनी दचकूनही पाहिलं नाही.

“खात न्हाई, पोरी. चाखायलोय.”

“गिळायलाव ना?”

“गिळल्याबिगर घशातली चव कशी कळंल?” आणि मग, तिचा चेहरा पाहून, जरा दुखावून: “खाल्लं आसतं तर मी सांगितलं नसतं का तुला?”

ते खोटं बोलत नव्हते, हेच तिला सगळ्यांत कठीण गेलं. ज्या दोन गड्यांना हाकललं, ते खात होते. आबा चाखत होते. एकतीस वर्षं पगार त्या फरकाचा मिळाला होता. आणि ते काम पुन्हा त्यांच्या हाती तिनंच दिलं होतं.

तिनं त्यांना तीन दिवसांचे आकडे वाचून दाखवले. आबांनी ऐकून घेतले. दोनशे पासष्ट, ते म्हणाले. बेरीज त्यांनी मनातच केली होती. नंतर ते आत जाऊन भिंतीकडं तोंड करून झोपले.

मायला सांगणं उरलं होतं. ती चुलीपुढं भाजीचं तिसरं पाणी काढत होती. नीलमनं सगळं सांगितलं, आणि माझं चुकलं हे शब्द काही तोंडातून निघेनात. मायनं पातेलं खाली ठेवलं.

“वास येत न्हाई त्यायला,” ती म्हणाली. “वरीस झालं. डाळ करपली तरी कळत न्हाई. लाजायलेत सांगायला.”

या आजारात नाक मंदावतं, हे नीलमच्या पुस्तकात होतं.

परात उतरवली. पुढचे तीन दिवस फुलपाखरं रिकाम्या सुतळ्यांभोवती फिरून गेली. आबा अंगणात आले नाहीत. जेवणावरून उठू लागले, विचारलं तर म्हणत, आता मला काय इचारता. तीस तारखेला पोटॅशियम पाच पूर्णांक दोन आलं. डॉक्टर खूश झाले. त्याच दिवशी वजन साडेचार किलोनं उतरलेलं निघालं, आणि माय परतीच्या गाडीत खिडकीकडं तोंड करून रडली.

दुसऱ्या दिवशी नीलमनं परात पुन्हा टांगली. अट एकच: बोटानं दाबून आणि डोळ्यानं बघून सांगायचं, जीभ नाही. आबांनी मान हलवली. त्यांनी निवडलेल्या फळांवर पहिल्या दिवशी एक फुलपाखरू आलं, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी एकही नाही. फळं तरी निबर असत, नाहीतर पार आंबून पाणी झालेली. आबा परातीखाली उभे राहून वर बघत, आणि तिनं आकडा सांगायच्या आत खाटेवर जाऊन बसत. चौथ्या दिवशी ते म्हणाले, तूच ठिव आता, मला न्हाई जमत. असं वाक्य तिनं त्यांच्या तोंडून जन्मात ऐकलं नव्हतं. ती म्हणाली, जमंल, आबा. अजून एक दिवस बघा.

पाच नोव्हेंबरला, बुधवारी, ती वही घेऊन बाहेर आली तेव्हा परात दिसतच नव्हती. तिच्या काठावर, सुतळ्यांवर, एकमेकांच्या पंखांवर फुलपाखरं बसली होती. तिनं दोनदा मोजली. एकतीस. एक तिच्या मनगटावरही येऊन बसलं, घाम प्यायला.

“किती?” आबांनी विचारलं. ते खाटेवर ताठ बसले होते.

“एकतीस.”

“एकतीस,” ते म्हणाले. “मालन, आयकलंस का? एकतीस पावणे.”

माय हात पुसत बाहेर आली आणि बघत राहिली. आबा तिला एकेक दाखवू लागले. फौजदार दिसेना म्हणाले; त्याचं वय संपलं असंल. चहा मागितला आणि मायनं दिलेला अर्धा कप न कुरकुरता घेतला. नीलमच्या हातात काटा होता. आदल्या संध्याकाळचं वजन वहीत लिहिलेलं होतं, सहाशे पाच ग्रॅम. सालीची टोपली आबांच्या पायाशी होती. काटा ठेवायला सपाट जागा तीन पावलांवर होती. उद्या गुरुवार, तिनं मनाशी म्हटलं. उद्या मशीनवर सगळं धुतलं जाईल. तिनं काटा कपाटात ठेवला, आणि आबांशेजारी खाटेवर बसून दुपारपर्यंत त्यांचं बोलणं ऐकलं.

गुरुवारी स्टेशनच्या तीन पायऱ्या चढताना आबांचे पाय मुडपले. पायात जीवच नाही, ते म्हणाले, आणि हसले. गाडीऐवजी तिनं शेजारच्या बन्सीधरची जीप मागवली. परभणीला पोचल्या पोचल्या मशीन जोडायच्या आधी रक्त घेतलं. माय त्यांचे तळवे चोळत होती. रिपोर्ट दहा वाजून पन्नास मिनिटांनी नीलमच्या हातात आला.

पोटॅशियम, सात पूर्णांक चार.