शालिनी रणदिवेंनी सही मागे घेतली

शनिवारी सकाळी अश्लेषा पोहे खाताखाता शास्त्रपाठाची तयारी करत होती. महिन्यातून एकदा दिल्लीतली काही मराठी ख्रिस्ती कुटुंबं पहाडगंजमधल्या एका हॉलमध्ये उपासनेला जमायची, आणि या वेळी वाचायची पाळी तिची होती. पंधरा वर्षांची ही मुलगी जन्मापासून गाझियाबादमध्येच वाढलेली. मोठा शब्द आला की अडखळायची.

"मम्मी, पदासन म्हणजे?"

"पाय ठेवायचं स्टूल," शालिनी ओट्यापाशी उभी राहून म्हणाली. "याकोब आपल्या पत्रात म्हणतोय की भारी कपड्यांतला माणूस सभेत आला की तुम्ही त्याला चांगली जागा देता. आणि गरीब आला की म्हणता, तू तिकडे उभा राहा, नाहीतर इथं माझ्या पायांपाशी बस."

"अच्छा. म्हणजे आपल्या लिफ्टसारखं," अश्लेषा म्हणाली आणि पुढची ओळ वाचायला लागली.

शालिनी गॅस बंद करायचा विसरली.

त्यांच्या टॉवरला तीन लिफ्ट होत्या. दोन रहिवाशांसाठी, तिसरी सामानाची. कामवाल्या बायका, ड्रायव्हर, डिलिव्हरीवाले यांनी ती तिसरीच वापरायची, असा नियम मार्चमध्ये झाला होता. आता मे महिना होता आणि ती लिफ्ट नऊ दिवस बंद पडलेली. भानुमती त्यांच्याकडे सहा वर्षं स्वयंपाकाला येत होती. पन्नाशी उलटलेली, गुडघे दुखणारी ही बाई रोज चौदा मजले चढून यायची. गुरुवारी अकराव्या मजल्यावर तिला घेरी आली. शालिनीने तिला लिंबूसरबत दिलं, आज भाजी राहू दे म्हणून सांगितलं आणि ती नोएडाला ऑफिसला निघून गेली. जाताना आपण माणुसकीने वागलो असंच तिला वाटलं होतं.

त्या नियमाच्या नोटिशीवर सही तिचीच होती. ती कमिटीची सहसचिव. सकाळी लिफ्टमध्ये फार गर्दी होते, अशी तक्रार आली, सेक्रेटरी नीरज माथुर यांनी कागद पुढे केला, तिने सही केली. कुणी जबरदस्ती केली नव्हती.

रविवारी अश्लेषाने पाठ न अडखळता वाचला. पाळकसाहेबांनी तिचं कौतुक केलं. शालिनी मात्र पूर्ण वेळ खाली मान घालून बसली होती. परतताना मेट्रोत तिने नवऱ्याला सांगितलं, "राजीव, मी ती सही मागे घेणार आहे. आणि उद्यापासून भानुमती माझ्याबरोबर लिफ्टने येणार."

राजीवने डब्यात इकडेतिकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "शालू, दोनशे चाळीस फ्लॅटमध्ये ख्रिस्ती घर आपलं एकच आहे. कुणाच्या डोळ्यावर यायला नको म्हणून नाताळचा तारासुद्धा मी बाल्कनीत लावत नाही, आत हॉलमध्ये लावतो. लिफ्ट दुरुस्त होईल ना दोन दिवसांत."

"अकरा वर्षं या सोसायटीत लपून राहून जपलं काय आपण? तारा?"

"पोरीला जपलं," राजीव म्हणाला.

तरी सोमवारी सकाळी सात वाजता ती खाली गेटवर जाऊन उभी राहिली.

भानुमतीने आधी चक्क नकार दिला. "दीदी, झगडा आप करोगी, काम मेरा छूटेगा. मैं चार घर और करती हूँ."

हे शालिनीच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटली. "ठीक है," ती म्हणाली, "तो मैं तुम्हारे साथ सीढी से चलती हूँ."

दोघी जिना चढायला लागल्या. चौथ्या मजल्यावर शालिनीला दम लागला. सातव्यावर ती कठडा धरून उभी राहिली. घामाने कुर्ता पाठीला चिकटला होता, तोंडातून शब्द फुटत नव्हता. भानुमतीने तिच्याकडे पाहिलं आणि ती हसायलाच लागली.

"आप तो मर जाओगी. चलो, लिफ्ट से चलते हैं."

शालिनी सातव्या मजल्यावरच्या लिफ्टच्या बटणाकडे वळली, तसा भानुमतीने तिचा हात धरला. "यहाँ से नहीं. यहाँ से चोरी जैसा लगेगा. नीचे से चढेंगे, सबके सामने."

दोघी सात मजले उतरल्या.

खाली लिफ्टसमोर हरिदास गार्ड होता. तो कसनुसा झाला. "मॅडम, मेरी नौकरी का सवाल है. नोटीस पर आपके ही साइन हैं."

"बरोबर आहे," शालिनी मराठीतच बोलून गेली. मग तिने त्याच्या खिशातलं पेन मागून घेतलं, भिंतीवरच्या नोटिशीवरची आपली सही आडवी रेघ मारून खोडली, खाली तारीख घातली आणि लिहिलं की भानुमतीला मी घेऊन जात आहे, गार्डने मला अडवलं होतं. "अब तुम्हारी गलती नहीं," ती हरिदासला म्हणाली. लिफ्ट आली. आत बेसमेंटमधून वर आलेले एक गृहस्थ कुत्र्याला घेऊन उभे होते. भानुमती त्या कुत्र्याच्या शेजारी उभी राहिली आणि चौदाव्या मजल्याचं बटण तिने स्वतः दाबलं.

दुपारपर्यंत सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या नोटिशीचा फोटो फिरला. बऱ्याच जणांनी नियम म्हणजे नियम असं लिहिलं. संध्याकाळी एकाने लिहिलं, गरिबांची सेवा करता करता पुढे काय करतात ते सगळ्यांना माहीत आहे, आपापल्या कामवाल्या सांभाळा. खाली हसऱ्या इमोजी आल्या.

राजीवने फोन शालिनीपुढे धरला. "हेच म्हणत होतो मी."

"मग मी थांबू?"

राजीव तो मेसेज परत परत वाचत राहिला. "नाही," अखेर तो म्हणाला. "आता तर नाहीच."

शनिवारी क्लबहाउसमध्ये बैठक बोलावली गेली. साठ-सत्तर जण आले. नीरज माथुर वाईट माणूस नव्हते. त्यांनी आधीच तोडगा काढून ठेवला होता. सामानाची लिफ्ट काल सुरू झाली आहे, तेव्हा प्रश्न मिटला, रणदिवे मॅडमनी नोटीस खराब केली त्याबद्दल फक्त सॉरी म्हणावं.

शालिनी उठली. ती हिंदीत बोलली. "सॉरी मला म्हणायचंच आहे, पण सही खोडली म्हणून नाही. केली म्हणून. माझ्या हातचं नाही, भानुमतीच्या हातचं माझं घर जेवतं, आणि तिच्याबरोबर एका लिफ्टमध्ये उभं राहायला मला अडचण होते, असं मी लिहून दिलं होतं. माझा प्रभू कोळ्यांच्या आणि जकातदारांच्या पंगतीला बसला. मी त्याचं नाव रविवारी घेते, सोमवारी घ्यायला घाबरत होते. ग्रुपवर कुणीतरी विचारलंय, पुढे काय करतात. पुढे हेच करणार. ती रोज याच लिफ्टने येईल. तिसरी चालू असली तरी."

मागून कुणीतरी ओरडलं, "ये चर्च नहीं है!"

"नाहीये ना," शालिनी म्हणाली. "म्हणूनच इथे करायचंय."

मतदान झालं. नियम कायम राहिला, आणि शालिनीला कमिटीतून काढलं. तिच्या बाजूने एकोणीस हात वर झाले. राजीवने हात इतका उंच धरला होता की शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी त्याच्याकडे वळून पाहिलं.

त्यानंतर दोन घरांनी भानुमतीला कामावरून काढलं. एका आठवड्यात त्यातल्या एका घराने परत बोलावलं; दुसऱ्याने नाहीच. शालिनीने त्याबद्दल माफी मागायला तोंड उघडलं, तर भानुमती म्हणाली, "घुटने मेरे हैं, दीदी. फैसला भी मेरा था." हरिदासला कुणी काही केलं नाही. शालिनी रोज भानुमतीला लिफ्टने घेऊन जायची, त्या वेळेला तो आता गेटवरच्या कुंड्यांना पाणी घालायला जायचा.

जूनमध्ये एका सोमवारी शालिनीला ऑफिसात लवकर पोचायचं होतं. भानुमतीबरोबर लिफ्टमध्ये कोण जाणार, या काळजीने ती खाली उतरली. पाहते तर रहिवाशांच्या लिफ्टसमोर भानुमती उभी, आणि तिच्यासोबत पाच-सहा कामवाल्या बायका. कुणाच्या हातात डबा, कुणाच्या कडेवर मूल. तेवढ्यात फिरून आलेले नीरज माथुर तिथे पोचले आणि जागच्या जागी थबकले. दार उघडलं. बायका आत शिरल्या, भिंतीला टेकून दाटीवाटीने उभ्या राहिल्या.

भानुमतीने दार धरून ठेवलं. "आइए साहब," ती म्हणाली, "जगह है."