काटेऱ्याच्या पोटात

काटेऱ्याचं पोट उघडायला सुरीपेक्षा धीर जास्त लागायचा. अंगावर हाडाच्या टणक पाट्या, कल्ल्यांमागे दाभणासारखे काटे. सुरी घसरली की मासा शाबूत आणि बोट रक्तबंबाळ. तळ्याकाठच्या मत्स्यकेंद्रात हे काम तिला एकटीलाच जमायचं. केंद्रात तिला ताई म्हणत, घरात ती धाकटी सून म्हणून नुसतीच धाकटी. मासा उताणा धरून ती मऊ बाजूने शिरायची आणि घड्याळाच्या स्प्रिंगसारखं गुंडाळलेलं लांबलचक आतडं ताटलीत उलगडायची. आत नेहमीचंच: चिखल, शेवाळ, कुजका पाला. त्या मंगळवारी मात्र भिंगाखाली चिखलात पिवळे मणी दिसले. तळ्यातल्या मूळच्या माशांनी दगडाला चिकटवलेली अंडी. काटेऱ्या दगड चाटत जातो, शेवाळाबरोबर अंडीही ओरपतो, आणि आपण काय गिळलं हे त्याच्या गावीही नसतं.

तिने चाळीस पोटं उघडली. एकतीसांत अंडी निघाली.

मच्छीमारांना हे कळायला भिंग लागलं नव्हतं. तीन वर्षं जाळ्यात धड मासा येत नव्हता. येत होता तो काटेऱ्या, तोही जाळं फाडून. त्यांच्या मुखियाने तसलंच एक जाळं केंद्रप्रमुख मॅडमच्या टेबलावर आणून टाकलं.

"ही पीडा तुमच्या बीजवाल्याने आणली," तो म्हणाला. "बाहेरून पिल्लांच्या पिशव्या आणतो, त्यातूनच आली."

बीजवाले काका म्हणजे केंद्राच्या हौदात पिल्लं वाढवून तळ्यात सोडणारे. निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं. "प्रत्येक पिशवी मी स्वतः पाहिलीय," ते म्हणाले. ऐकलं कोणीच नाही. मॅडमनी शुक्रवारी सभा ठेवली. तिथे ताईने सांगायचं होतं, मासा खातो काय आणि तळ्यात आला कुठून.

पहिलं तिला आत्ता कळलं होतं. दुसरं नऊ वर्षांपासून ठाऊक होतं.

लग्नाचं पहिलंच वर्ष. सासऱ्यांचं शोभेच्या माशांचं दुकान, घर त्याच्याच वर. दुकानात काटेऱ्याला सकर म्हणायचे. न खपलेले अकरा सकर हातभर वाढले, टाकीत त्यांना वळताही येईना. सासरे म्हणाले, पुरून टाक. आधी मरू देत म्हणून तिने ते मागच्या अंगणात ओतले. तासाभराने फावडं घेऊन गेली, तर अकराच्या अकरा तोंडाने हवा गिळत जिवंत. जिवंत पुरणं तिला जमेना. ओल्या गोणपाटात गुंडाळून तिने ते तळ्यात सोडले, घरी आली आणि पोटभर जेवली. केंद्रात नोकरी लागली ती पुढे दोन वर्षांनी. हातात सुरी धरायला शिकवलं काकांनीच.

बुधवारी जेवताना तिने विषय काढला. नवऱ्याला सगळं माहीत होतं, तो पानातून मान वर न करता म्हणाला, "आता उकरून काय साधणार?"

सासरे मात्र शांतपणे म्हणाले, "तू सोडलेस म्हणजे मी विकले. लोक तेवढंच ऐकतील. ते काका तुझे कोण लागतात?"

जाऊबाईंचा वाढता हात तिच्या पानावरच अडला.

त्या घरातून रस्त्यावर जायला दुसरं दार नव्हतं. जिना उतरला की दुकान, दोन्हीकडे टाक्या, मधून एका माणसापुरती वाट. काचेला तोंड चिकटवून बोटभर सकर बसलेले. सासरे अजून विकायचे, काच साफ ठेवतात म्हणून. गुरुवारी ती अंग चोरून तिथून निघाली. केंद्रात पोचली तर काकांनी रोजच्यासारखा तिच्यासाठी चहा ओतून ठेवलेला. तो तसाच ठेवून तिने सुरी उचलली.

शुक्रवारी तिने अंड्यांचं सांगितलं. मग मुखियाने विचारलं, "आणि आणले कोणी?" काका खिडकीकडे बघत होते. आपल्यावर काय येणार हे त्यांनी मनात धरूनच टाकलं होतं.

"अकरा होते," ती म्हणाली. "आमच्या दुकानातले. मी सोडले."

"आणखीही कोणी सोडले असतील, अकरांवर सगळं येत नाही," मॅडम म्हणाल्या. पण तोवर माणसं उठायला लागली होती.

काकांची नोकरी वाचली. त्यांनी आभार मानले नाहीत. दारात थांबून एवढंच म्हणाले, "सात वर्षं माझ्या शेजारी बसून चहा प्यायलीस." त्यानंतर त्यांचा कप वेगळ्या खोलीत गेला.

गिऱ्हाईक तुटलं आणि दुकानाचं शटर महिनाभरात अर्ध्यावर आलं. ती वाकून आत शिरायची, वाकून बाहेर पडायची. घरात कोणी भांडलं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं. नवरा हवापाण्याचं बोलायचा. मॅडमनी तिला कामावरून काढलं नाही, कारण काटेऱ्यावर दुसऱ्या कोणाचा हात बसत नव्हता. माहेरी जायचा विचार तिने दोनदा केला. पण तिथे जाऊन सांगायचं काय?

उन्हाळ्यात तळं खाली गेलं आणि काठाच्या मातीत भोकं उघडी पडली. नर काटेऱ्या असं बीळ खणतो आणि आत अंडी राखत बसतो. केंद्राची माणसं आणि मच्छीमार ती रिकामी करायला लागले. तिच्या वाट्याच्या काठावर मच्छीमार कोणी फिरकेना. शेवटी मॅडमनी काकांनाच तिच्या सोबत दिलं. दोन दिवस दोघांनी शेजारशेजारची भोकं उपसली.

तिसऱ्या दिवशी तिने एका भोकात खांद्यापर्यंत हात घातल्यावर आतल्या नराने काटे फाकवले. मनगट काटा आणि माती यांच्यामध्ये अडकलं. ती ओढायला लागली, तसा काटा आणखी रुतला.

"ओढू नकोस," काका मागून म्हणाले. "हात सैल सोड. त्याला वाटू दे, तू गेलीस."

ती गाल ओल्या मातीला टेकवून पडून राहिली. काका शेजारी बसले. बऱ्याच वेळाने मासा किंचित मागे सरला. तिने हात काढला, ओरखडा धुतला आणि पुन्हा त्याच भोकात घातला. अंडी अजून आतच होती.