पेटी नंबर एक

त्या रात्री हर्षालीला झोप लागली नाही, ती माझ्या एका कोपऱ्यामुळे. माझ्यावरच्या लेबलाचा उजवा कोपरा नीट चिकटलाय की सुटलाय? चारदा उठून बघून गेली. चिकटलेलाच होता. पण बघून समाधान होणाऱ्यातली ती नव्हे.

मी पेटी नंबर एक बोलतेय. मी पुठ्ठ्याची, माझं बोलणं कुणी मनावर घ्यावं असं मलाही फारसं वाटत नाही. जन्म चीनमधला. पोटात लहान मुलांच्या छत्तीस पाण्याच्या बाटल्या भरल्या, वर चिकटपट्टी ओढली आणि निघाले. बोट, बंदर, ट्रक करत आम्ही साठ जणी चऱ्होलीत, हर्षालीच्या पार्किंगमध्ये येऊन उतरलो.

परदेशातून एवढा माल तिने पहिल्यांदाच मागवला होता, तोही एका मोठ्या ऑनलाइन कंपनीच्या ऑर्डरवर. पोचवायचा होता कुरुळीजवळच्या त्यांच्या गोदामात. माल आत घेतला गेला, तर पुढच्या ऑर्डरी मिळणार होत्या. नाही घेतला, तर चाकणच्या जुन्या कंपनीत पुन्हा पहिली शिफ्ट, सहाची बस. पाच वर्षांच्या ज्ञानदाला तिने कबूल केलं होतं, "माल आत गेला की आई घरीच." कबूल करून झाल्यावर, हे बोलायला नको होतं, असंही स्वतःशी म्हणाली होती.

गोदामाचे नियम बावीस पानांचे. तिने पेन्सिलीने खुणा करत वाचले. लेबल सपाट हवं, त्यावर डाग नको, गाडी दिलेल्या वेळेलाच हवी. साठही लेबलं तिने पट्टी धरून लावली.

सकाळी दीर ओंकार टेम्पो घेऊन आला. मी सगळ्यांत शेवटी चढणार, तेवढ्यात सासूबाई, तानाबाई, करंडा घेऊन बाहेर आल्या.

"पयला माल चाललाय, असाच बोडका धाडायचा व्हय?"

"आई, नको. नियम आहेत त्यांचे."

"इवलंसं कुकू लावाया कुणाचा नियम आडवा येतोय गं?"

"वहिनी, लावून टाका ना," ओंकार हसत म्हणाला. "अकराची वेळ हाय, हितंच वाजतील."

हर्षालीला नाही म्हणता येईना. "मीच लावते, लेबलला लागायला नको," म्हणत तिने करंडा घेऊन ज्ञानदाच्या हातात दिला, पाण्यात कालवलेलं कुंकू चिमटीत घेतलं आणि लेबलाखाली चार बोटं सोडून अगदी नेमकं टेकवलं.

आणि मग, टेम्पोचा फाळका लावण्याआधी, सवयीने, तिने लेबलाचा उजवा कोपरा अंगठ्याने एकदा दाबून पाहिला.

अकराची वेळ म्हणजे अकराला रांगेत उभं राहायची वेळ, हे गेटवर कळलं. आत जाईपर्यंत एक वाजून गेला. वेळ पाळण्याचा नियम फक्त बाहेरच्यांना असतो.

माल उतरवून घेणाऱ्या आम्रपालीने पहिल्यांदा मलाच लेबल वाचणारं मशीन लावलं. लाल दिवा. पुन्हा लाल. तिने ओढणीने कोपरा पुसला, तर रंग लेबलाच्या काळ्या रेघांवर आणखी पसरला.

"ताई, काय लागलंय हे?"

"कुंकू." हर्षाली इतकं हळू म्हणाली, की मलाही जेमतेम ऐकू आलं.

"माझ्या हातात असतं तर घेतलं असतं हो. पण पहिली पेटी नापास की अख्खी गाडी परत. आता पुढची वेळ अकरा दिवसांनी."

"पण ऑर्डरची मुदत शनिवारी संपते!"

"ते मशीनला कोण सांगणार, ताई?"

आम्रपालीपुढे हर्षालीचा आवाज चढला नाही. गेटबाहेर येऊन घरी फोन लावला, तेव्हा चढला. "आई, मी नको म्हणत होते ना! तुमच्या कुंकवापायी अख्खी गाडी परत चाललीये!"

पलीकडून तानाबाई एवढंच म्हणाल्या, "चुकलं बाई माझं."

पुसूनही माझ्या कोपऱ्यावर अंगठ्याचा ठसा उरला होता. तो तानाबाईंचा नव्हता. हर्षालीने तो पाहिला होता. मी तर तो अंगावरच वागवत होते. मशीनपुढे माणसं गप्प बसतात आणि घरच्या म्हातारीवर ओरडतात, हे मला समुद्रापलीकडे कुणी शिकवलं नव्हतं.

ऑर्डर रद्द झाली. बाटल्या पिंपळे गुरवच्या एका दुकानदाराने उपकार केल्यासारख्या उचलल्या. हर्षाली सहाच्या बसने जाऊ लागली. ओंकारने टेम्पोला नवे टायर घातले, तेव्हा तानाबाईंनी करंडा बाहेर काढला नाही. कुणी मागितलाही नाही.

मी आता हॉलच्या कोपऱ्यात आहे, रिकामी, एका बाजूने फाटलेली. ज्ञानदा माझ्यात बसून खेळते. रद्दीवाला शनिवारी येतो. माझं मागणं एकच आहे. त्याच्या हातात देण्याआधी या घरात कुणीतरी तो ठसा वाचावा.

काल हर्षाली शिफ्टवरून आली. तानाबाई घेवडा मोडत बसल्या होत्या. ज्ञानदाने माझ्यातूनच विचारलं, "आई, तू रोज का जातेस?"

"माल परत आला ना, बाळा. आजीने कुंकू लावलं म्हणून."

तानाबाईंचे हात थांबले. मान मात्र वर झाली नाही.

ज्ञानदाने माझ्या लेबलावर स्वतःचा अंगठा ठेवून पाहिला. तो ठशापेक्षा बराच लहान होता.

"आजीने कुठे? करंडा तर माझ्याकडे होता," ती म्हणाली. "तूच लावलंस, आणि मग इथे दाबलंस. मी म्हणणार होते, आई, हात पूस. पण तू घाईत होतीस."